जेवताना एकाच गालावर येणारा घाम : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जबड्याच्या सांध्यावर किंवा कानापुढील लाळग्रंथीवर शस्त्रक्रिया झाल्यानंतर काही महिन्यांनी, क्वचित काही वर्षांनीही, जेवताना त्याच बाजूच्या कानशिलावर व गालावर घाम फुटू लागतो आणि तेथील त्वचा लाल होते. या विकाराला ‘फ्रे सिंड्रोम’ म्हणतात.

हा घाम तिखटामुळे येतो, हा सर्वांत रुळलेला गैरसमज आहे. तिखटाने येणारा घाम कपाळ, नाक व वरचा ओठ यांवर दोन्ही बाजूंना येतो आणि तो निरोगी माणसालाही येतो. या विकारातला घाम मात्र शस्त्रक्रियेच्या बाजूलाच येतो, आणि त्यासाठी लिंबाची फोड, किंबहुना कधीकधी आंबट पदार्थाची नुसती आठवणही पुरते.

जखमेतून लाळ झिरपते, ही समजूतही चुकीची आहे. लाळेची वाट फुटली असेल तर स्राव व्रणाजवळच्या एखाद्या छिद्रातून येतो, तर येथे अखंड त्वचेच्या मोठ्या भागावर खराखुरा घाम दाटतो. खरे कारण मज्जातंतूंच्या पुनर्वाढीत आहे. लाळग्रंथीला स्रवण्याची आज्ञा देणारे सूक्ष्म तंतू कान व कानशील यांच्याकडे जाणाऱ्या मज्जातंतूबरोबर जातात. शस्त्रक्रियेत ते तुटले, की पुन्हा वाढताना त्यांतील काही वाट चुकून त्वचेतील घर्मग्रंथींना जाऊन मिळतात. लाळग्रंथी व घर्मग्रंथी या दोघींनाही ॲसिटिलकोलिन याच रसायनाद्वारे आज्ञा मिळत असल्यामुळे ही चुकीची जोडणी चालून जाते आणि घास घेताच लाळेसाठी निघालेली आज्ञा गालावर घाम आणते. पोलंडमधील चेतातज्ज्ञ लुत्सिया फ्रे यांनी 1923 मध्ये, गोळी लागून जखमी झालेल्या एका रुग्णाच्या अभ्यासातून, या मज्जातंतूचा संबंध दाखवून दिला.

घाम आला म्हणजे शल्यचिकित्सकाने चूक केली, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल, कारण तंतूंची अशी वाढ काळजीपूर्वक केलेल्या शस्त्रक्रियेनंतरही होऊ शकते. खात्री करायची असल्यास गालाला आयोडीन लावून, ते वाळल्यावर त्यावर मक्याचे पीठ भुरभुरतात आणि रुग्णाला लिंबू चोखायला देतात. घाम फुटेल तेथे पीठ गडद निळे-काळे होते आणि बाधित भागाची सीमाच त्वचेवर उमटते.

यावर इलाज नाही, हेही खरे नाही. त्रास सौम्य असल्यास उपचाराची गरज नसते. तो वाढल्यास घाम रोखणारी मलमे वापरतात, आणि त्वचेत बोट्युलिनम टॉक्सिनची अल्प मात्रा टोचल्यास घाम काही महिने थांबतो, मात्र परिणाम ओसरल्यावर ते पुन्हा टोचावे लागते.

चिमट्याने प्रसूती झालेल्या बाळांतही हा विकार आढळतो. त्यांना बहुधा घाम न येता गाल फक्त लाल होतो, आणि ती अन्नाची ॲलर्जी समजून पौष्टिक पदार्थ विनाकारण बंद केले जातात. म्हणून खाताना एकाच बाजूचा गाल लाल होत असेल, तर पथ्य सुरू करण्यापूर्वी जन्मावेळचा किंवा जुन्या शस्त्रक्रियेचा तपशील डॉक्टरांना अवश्य सांगावा.