‘पाहिजे’ म्हणजे अंदाज की ताकीद?

मंडळी, न्हावरे हे घोडगंगा साखर कारखान्याचं गाव, म्हणून उदाहरणही उसाचंच घेऊ. शेतकरी फोन करतो, मुकादम म्हणतो, ‘टोळी फडात असली पाहिजे.’ हा त्याचा अंदाज झाला. तेच वाक्य शेतकरी मुकादमाला सुनावतो: ‘उद्या सातला टोळी फडात असली पाहिजे!’ ही झाली ताकीद. शब्द तेच, पण एकात बोलणाऱ्याची खात्री किती ते कळतं, दुसऱ्यात ऐकणाऱ्यावर बंधन पडतं. शक्यता, गरज, परवानगी, खात्री यांच्या अशा छटांना भाषाविज्ञानात वृत्ती म्हणतात.

आता प्रकारविज्ञान. जगातल्या भाषा शेजारी ठेवून त्या कुठे जुळतात, कुठे वेगळ्या होतात, हे ते पाहतं. 2005 साली निघालेल्या भाषारचनांच्या जागतिक नकाशासंग्रहात याच प्रश्नावर एक नकाशा आहे: बंधन आणि अंदाज या दोहोंना एकच रूप चालतं का? इंग्रजीत ‘मस्ट’ दोन्हीकडे चालतं. मराठीत ‘पाहिजे’ चालतं. मग दोघी एकाच खान्यात?

इथे आपण जरा थांबू. ‘टोळीनं सातला फडात असलं पाहिजे’ असं म्हणून बघा. अंदाज गेला, उरलं फक्त कर्तव्य. एका ‘-नं’नं हे केलं! इंग्रजीत कर्त्याला असा प्रत्ययच लागत नाही. हिंदीत ‘टोली को सात बजे खेत में होना चाहिए’ म्हटलं, तर ‘को’ असूनही अपेक्षा आणि कर्तव्य दोन्ही अर्थ निघतात.

तसंच ‘मला पोहता येतं’ म्हणजे कला अंगात आहे. ‘मी पोहू शकतो’ म्हणजे जमेल. ‘पाऊस पडू शकतो’ हे चालतं, पण ‘पावसाला पडता येतं’ कुणी म्हणत नाही.

शाळेत आपण विध्यर्थ शिकलो तो क्रियापदाच्या रूपावरून. पण मराठीत अर्धी वृत्ती नामाच्या प्रत्ययात असते. म्हणून तुलना करताना नुसती क्रियापदं मोजली, तर मराठी इंग्रजीसारखी दिसते; पूर्ण वाक्य पाहिलं, की तिचा वेगळेपणा कळतो. वृत्तीचा अभ्यास प्रश्न देतो, प्रकारविज्ञान तो सगळ्या भाषांना विचारतं, आणि मराठीसारखी भाषा उत्तर देताना प्रश्नच सुधारायला लावते.

आणि हो, पुढच्या वेळी मुकादमाला विचारताना ‘टोळीनं’ म्हणा!