नावेला रंग देण्यापूर्वी लाकूड तपासा

शेततळ्यात मत्स्यखाद्य टाकण्यासाठी घरी बांधलेल्या लाकडी नावेच्या नव्या रंगावर बारीक गोल छिद्रे उमटली, तर दोष रंगाचाच असतो असे नाही. छिद्रांतून पिठासारखा भुसा पडणे हे लाकडात भुंगेऱ्याच्या अळ्या जिवंत असल्याचे लक्षण होय. छिद्रे लांबीने बुजविली, तरी आतील प्रौढ भुंगेरा लांबी आणि रंग पोखरून बाहेर पडतो. अशी फळी बदलणेच श्रेयस्कर.

निरोगी लाकूड पूर्ण सुकवून खाचांत इपॉक्सी लांबी भरावी. ती कडक झाल्यावर ८०, १२० व २२० क्रमांकाचे पॉलिश पेपर क्रमाने ठोकळ्याला गुंडाळून घासावे. नुसत्या बोटांनी घासल्यास खळगे पडतात. अंधारात टॉर्च तिरपी धरल्यास उरलेला उंचसखलपणा दिसतो. प्रायमर त्यानंतरच.