लाल निशाणवाले

वागळे इस्टेटमधल्या बहुतेक रस्त्यांना नावं नाहीत, आकडे आहेत. रोड नंबर १६, रोड नंबर २२ असं म्हटलं की रिक्षावाल्याला कळतं. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं आणि त्याच्या कामाचा श्रीगणेशा ठाण्यातल्या याच वसाहतीपासून झाला. किसननगर, श्रीनगर, इंदिरानगर, लोकमान्यनगर या वस्त्या इथल्या पाळ्यांच्या जोरावर वाढल्या. आयटीआय आणि कामगार हॉस्पिटल त्याच काळाची आठवण देतात. आज अनेक जुन्या शेडच्या जागी काचेचे आयटी पार्क उभे आहेत. आत बसणाऱ्याच्या गळ्यात कंपनीचं कार्ड असतं. दारावरचा सिक्युरिटीवाला, जिने पुसणारी बाई आणि कँटीनमधला मुलगा मात्र कंत्राटदाराचे. कंपनी म्हणते हे आमचे नाहीत, आणि कंत्राटदार बदलला की माणसाची आधीची नोकरी कागदावरून पुसली जाते.

अशा माणसांची युनियन बांधता येते यावर फार थोड्या पक्षांनी मनापासून विश्वास ठेवला. लाल निशाण पक्ष त्यातला एक. महाराष्ट्राबाहेर तो फारसा कुणाला माहीत नव्हता आणि विधानसभेत त्याची संख्या कधी नजरेत भरली नाही. तरी राज्याच्या कामगार चळवळीचा इतिहास त्याला वगळून लिहिता येणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

त्याची सुरुवात युरोपातल्या युद्धाशी जोडलेली आहे. जून १९४१ मध्ये हिटलरने सोव्हिएत संघावर हल्ला केला. त्यानंतर भारतीय कम्युनिस्ट पक्षाने युद्धाला ‘लोकयुद्ध’ म्हटलं, आणि १९४२ च्या ‘चले जाव’ लढ्यापासून पक्ष दूर राहिला. मुंबईतल्या काही तरुण कम्युनिस्टांना हे पटलं नाही. फॅसिझमशी लढायचं म्हणून इथल्या स्वातंत्र्याचा लढा थांबवायचा कसा, हा त्यांचा प्रश्न होता. त्यातून नवजीवन संघटना उभी राहिली. एस. के. लिमये, यशवंत चव्हाण (काँग्रेसचे यशवंतराव वेगळे), ए. डी. भोसले आणि संगमनेरचे दत्ता देशमुख ही या परंपरेतली ठळक नावं. पुढे ही मंडळी शेतकरी कामगार पक्षात गेली, तिथून बाहेर पडली, कामगार किसान पक्ष काढला, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात उतरली, आणि १९६५ पासून लाल निशाण पक्ष या नावाने काम करू लागली. आदल्या वर्षी भारतीय कम्युनिस्ट पक्ष फुटला होता. लाल निशाणवाले दोन्हीकडे गेले नाहीत.

लाल निशाणचं काम मुंबई-ठाण्याच्या कारखान्यांबरोबरच साखर कारखान्यांचे कामगार, नगरपालिकांचे सफाई कामगार आणि शेतमजूर यांच्यात पसरलं होतं. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसांसाठी त्यांनी काम आणि मजुरी मागितली. दत्ता देशमुखांना पाणी आणि दुष्काळ या विषयांचे जाणकार म्हणून राज्यभर मान होता. रोजगार हमी कायदा १९७७ साली झाला. त्यामागे वि. स. पागे यांची कल्पना होती, तसाच या आंदोलनांचा रेटाही होता.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतला गिरणी संप सुरू झाला. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार वाटाघाटीचा हक्क मान्यताप्राप्त राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडेच होता. सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे गेले, तरी कायद्याच्या लेखी ते कुणाचेच नव्हते. लाल निशाणने या संपाला उघड साथ दिली. घाटावर आणि कोकणात परतलेला गिरणी कामगार गावात तग धरून राहिला तरच संप टिकेल, हे त्यांना समजलं होतं. शहर आणि गाव दोन्हीकडे माणसं असलेला पक्षच असा विचार करू शकतो.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते पुण्यातल्या मोलकरणींचं काम. १९८० साली पुण्यातल्या घरकामाच्या बायकांनी आपणहून संप केला आणि लाल निशाणच्या लीलाताई भोसले यांच्यासारख्या कार्यकर्त्या त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. कारखाना नाही, गेट नाही, हजेरीपट नाही, एका बाईला चार मालकिणी. मग गेट मीटिंग घ्यायची कुठे? ती वस्तीत घ्यायची. पगारवाढ, आठवड्याची सुट्टी, दिवाळीचा बोनस या मागण्या तिथे ठरल्या. राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा व्हायला २००८ साल उजाडलं.

पक्ष मात्र एकसंध राहिला नाही. काँग्रेसकडे कसं पाहायचं यावरून ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फूट पडली आणि लाल निशाण पक्ष (लेनिनवादी) वेगळा झाला. २०१७ मध्ये मूळ पक्ष भारतीय कम्युनिस्ट पक्षात विलीन झाला. लेनिनवादी गट २०२४ मध्ये भाकप (माले) लिबरेशनमध्ये गेला. एवढ्या लहान पक्षाने दोन तुकडे होऊन राहणं मला कधी समर्थनीय वाटलं नाही. त्याचा फटका कामगारालाच बसला.

या परंपरेच्या जवळची एक लढाई वागळे इस्टेटमधल्या माणसाने नीट समजून घ्यावी अशी आहे. मुंबई महापालिकेचा कचरा उचलणाऱ्या कंत्राटी कामगारांसाठी मिलिंद रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कचरा वाहतूक श्रमिक संघ बांधला. २००१ च्या ‘सेल’ (स्टील अथॉरिटी ऑफ इंडिया) खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की कंत्राटी पद्धत बंद झाली म्हणून कामगार आपोआप कायम होत नाही. मात्र कंत्राट निव्वळ कागदी आहे हे औद्योगिक न्यायाधिकरणात सिद्ध केलं तर तो मूळ मालकाचाच कामगार ठरतो. सिद्ध करायचं म्हणजे पुरावे हवेत: काम कोण सांगतं, हजेरी कोण घेतं, गाडी आणि साधनं कुणाची. संघटनेने हे वर्षानुवर्षं जमवलं. २०१४ मध्ये न्यायाधिकरणाने सुमारे २,७०० कामगारांच्या बाजूने निवाडा दिला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला.

१९७० चा कंत्राटी कामगार कायदा लागू होण्याची मर्यादा २० कामगारांची होती. त्यामुळे कंत्राटाचे तुकडे करून प्रत्येकात वीसपेक्षा कमी माणसं दाखवण्याची युक्ती जुनीच. केंद्राच्या नव्या श्रमसंहितेने ही मर्यादा ५० वर नेली. वागळे इस्टेटमधल्या एखाद्या गाळ्यात दहा-पंधरा माणसं असतात, इमारतीच्या साफसफाईवर त्याहून कमी. त्यांना एकत्र आणायचं तर एका मालकाच्या दारात सभा घेऊन भागणार नाही. रस्त्यागणिक, गाळ्यागणिक नोंदणी करावी लागेल आणि संध्याकाळी किसननगरच्या खोल्यांमध्ये बसावं लागेल, पुण्यात मोलकरणींसाठी बसले तसं.