घाटाखालचं अर्धं वर्ष

जेम्स रीबँक्स या मेंढपाळ-लेखकाचं 'द शेफर्ड्स लाइफ' हे पुस्तक २०१५ मध्ये इंग्लंडमध्ये आलं आणि गाजलं. लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या राखणाऱ्या घराचं वर्ष त्यात ऋतूंच्या क्रमाने येतं. घर एक, डोंगर एक, कळपही एक. बदलतो तो फक्त ऋतू. असं वर्ष मालवणच्या किनाऱ्यावर शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत गाई आहेत, म्हशी आहेत, शेळ्या-कोंबड्या आहेत. मेंढ्यांवर बारा महिने पोट भरण्याची रीत मात्र इथे रुजली नाही. यावर एक ठरलेलं उत्तर असतं: कोकणी माणसाला मुंबईच्या मनीऑर्डरची सवय, त्याला जोडधंदा कसला जमतो! उत्तर सोपं आहे आणि चुकीचं आहे. मराठी मुलखातल्या मेंढीचं वर्ष सह्याद्रीने दोन तुकड्यांत कापलेलं आहे. घाटाखालचा तुकडा उणापुरा सहा महिन्यांचा, आणि सहा महिन्यांवर बारमाही संसार उभा राहत नाही. उरलेल्या जागी किनाऱ्याने शेळी ठेवली, आणि ती समजून-उमजून ठेवली, असं माझं म्हणणं आहे.

पहिला पुरावा धनगरांचाच. हटकर मेंढ्या राखतात, खुटेकर लोकर विणतात आणि गवळी किंवा डांगे धनगर म्हशी पाळतात. यातले गवळी धनगर सह्याद्रीच्या माथ्यावर आणि कोकणच्या उतारांवर वस्ती करून आहेत, सिंधुदुर्गातही आहेत. त्यांचं आणि हटकरांचं मूळ एकच की वेगळं, यावर वाद घालता येईल. पण जास्त पावसाच्या पट्ट्यात टिकलेल्या धनगराच्या दावणीला म्हैस आहे, मेंढी नाही, यात वाद नाही. हायडलबर्गचे ग्युंटर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हसकोबा, खंडोबा या दैवतांचा अभ्यास करताना मेंढपाळांचा मुलूख कमी पावसाच्या पठाराशी जोडून वाचला, तो याच अर्थाने. फलटणच्या बाजूला वर्षाला ५०० मिमीच्या आसपास पाऊस पडतो. सिंधुदुर्गात ३,००० मिमीच्या वर, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. २०१९ च्या पशुगणनेत राज्यात सुमारे २७ लाख मेंढ्या आणि १ कोटी ६ लाख शेळ्या मोजल्या गेल्या. मेंढ्यांचे मोठे जिल्हे पाहिले तर अहमदनगर (आताचं अहिल्यानगर), सोलापूर, सांगली, सातारा, पुणे अशी पर्जन्यछायेतली नावं पुढे येतात.

कोणी म्हणेल, पाऊस हे कारण कसं? रीबँक्सच्या त्याच लेक डिस्ट्रिक्टमध्ये सीथवेट नावाचं गाव आहे, तिथेही वर्षाला ३,००० मिमीहून अधिक पाऊस पडतो आणि हर्डविक मेंढ्या डोंगरावर खुशाल चरतात. आक्षेप रास्त आहे, आणि खरं कारण त्याच्याच उत्तरात सापडतं. मेंढीला नुसता पाऊस मारत नाही. ऊब आणि ओल एकत्र आली की मारते. मेंढीच्या चौथ्या पोटात राहून रक्त पिणारा हिमाँकस हा जंत घ्या. एक मादी दिवसाला हजारो अंडी घालते. ती लेंडीबरोबर गवतात पडतात आणि उबदार ओलीत आठवडाभरात त्यांतून निघालेल्या अळ्या पुन्हा पोटात जायला तयार होतात. इंग्लंडातला थंड, लांबलचक हिवाळा ही साखळी तोडतो. कोकणात आषाढ-श्रावणात तापमान पंचवीस अंशांच्या आसपास आणि हवा सदा ओली, म्हणजे जंताला हवं तसं हवामान. त्यात मेंढी खाली मान घालून गवत बुडापाशी कुरतडते आणि अळ्या असतात तिथेच. चिखलात नख्यांमधली कातडी मऊ पडून खूर कुजतो, मेंढी गुडघे टेकून चरू लागते, मग चरणंही सोडते. लोकर भिजली की अंगावर ओझं होते, आणि इथे ती आठ-आठ दिवस वाळत नाही.

दुसरा आक्षेप सुंदरबनचा, आणि तो अधिक अवघड आहे. तिथली गरोल मेंढी दलदलीत, उष्ण दमट हवेत राहते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तिच्यातला जुळी देण्याचा गुण दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' ही जात घडवली. मग कोकणासाठी का नाही? कारण फलटणने गरोलकडून जुळ्यांचा गुण घेतला, दलदलीत राहण्याचा नव्हे. अस्सल गरोल जेमतेम दहा-पंधरा किलोंची, आणि सुंदरबनचा पाऊस सिंधुदुर्गाच्या निम्म्याच्या आसपास. शतकानुशतकांच्या निवडीतून उतरलेली ही सवय एखाद्या अनुदानाच्या हप्त्यात आणता येत नाही.

गंमत अशी की मेंढीची लोकर मात्र याच पावसाला हवी होती. प्लॅस्टिक येण्याआधी भात लावणाऱ्याच्या डोक्यावर इरलं असे, नाहीतर घोंगडी. जाड, राठ दख्खनी लोकर पाण्यात फुगून घट्ट बसते आणि ओली असतानाही ऊब धरते. जनावर घाटावर, आणि त्याचं वस्त्र घाटाखाली.

जनावर येतं तेही पाऊस गेल्यावर. फलटण, खंडाळा भागातले हटकर दिवाळीच्या आगेमागे वाडा हलवतात आणि त्यातले काही घाट उतरून रायगड-रत्नागिरीकडे येतात. वाडा म्हणजे काही कुटुंबांचे एकत्र कळप. घोड्यांवर संसार: वाघर म्हणजे जाळीचं कुंपण, भांडी, पीठमीठ, चालता न येणारी कोकरं, कधी तान्हं मूलही. पुरुष कळपाबरोबर रानातून जातात, बाया घोडी घेऊन पुढचा तळ गाठतात, चूल मांडतात, संध्याकाळी वाघर रोवून कोकरं वेगळी करतात. रात्री मेंढ्या ज्याच्या शेतात बसतील तो धान्य किंवा पैसे देतो. लेंडी आणि मूत जागच्या जागी जमिनीत. वाहतूक नाही, साठवण नाही. पावसाने धुऊन निघणाऱ्या जांभ्याच्या जमिनीला हे खत सोन्यासारखं. वळवाच्या आधी वाडा पुन्हा घाट चढतो. मेंढपाळाच्या या घराची शेती एका सातबाऱ्यावर मावत नाही, म्हणून ती सरकारी कागदाला दिसत नाही. मुलांची शाळा तर त्याहून कमी दिसते.

किनाऱ्यावरच्या घराचं वर्ष चार-पाच शेळ्यांभोवती फिरतं. सिंधुदुर्गाची स्वतःची जात आहे, कोकण कन्याळ: काळं अंग, तोंडावर नाकपुडीपासून कानापर्यंत दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे, लांब पाय. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं कुडाळ तालुक्यातलं निळेली केंद्र तिच्यावर काम करतं, आणि कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेकडे तिची नोंद आहे. जंताशी लढण्यात शेळी मेंढीहून सरस नाही, उलट कमीच. ती वाचते ती खाण्याच्या रीतीने. ती मान वर करून पाला खाते. पावसाळ्यात तिला गोठ्यात, जमिनीपासून उंच माचीवर ठेवतात. लेंड्या फटींतून खाली पडतात, खूर कोरडे राहतात, आणि आढ्याला टांगलेली फणसाची फांदी ती ओढून ओढून खाते. फांदी कोयतीने तोडून आणते ती बहुधा घरची बाई. श्रावणाआधी गटारीला एखादा बोकड जातो, दुसरा शिमग्याला. भात कापलं की शेळ्या मोकळ्या सुटतात, लेंडी आंब्या-नारळाच्या आळ्यात आणि उन्हाळ्यात तरव्याच्या भाजावळीत जाते. पैसा थोडा, पण बाईच्या हातात. जिला शेळी घेणं परवडत नाही ती अर्धलीने सांभाळते आणि करडं वाटून घेते.

आता योजनेकडे. राजे यशवंतराव होळकर महामेष योजना २०१७ मध्ये आली: भटक्या जमाती-क प्रवर्गासाठी २० मेंढ्या आणि १ नर, ७५ टक्के अनुदान. मुंबईचे दोन जिल्हे वगळून सगळ्या जिल्ह्यांना एकच माप. शेड बांधा, जंतांचं औषध पाजा, पावसाळ्यात बंदिस्त पाळा, म्हणजे इथेही जमेल, असं उत्साही अधिकारी सांगू शकतात. हिशेब करून पाहू. एका मेंढीला दिवसाला साडेतीन किलो हिरवा चारा धरला तर एकवीस जनावरांना सत्तर-पंचाहत्तर किलो होतो. चार महिन्यांत नऊ टनांच्या जवळपास. ओलं गवत, डोक्यावरून, आणि नेमकं लावणीच्या दिवसांत, जेव्हा मजूर दुप्पट मजुरी देऊनही मिळत नाही. चार शेळ्यांना चौदा-पंधरा किलो पाला पुरतो, तो परसातच असतो. औषधाचंही तसंच: तेच ते पाजत राहिलं की जंत त्याला जुमानत नाही, हे मेंढीच्या प्रत्येक देशाने अनुभवलं आहे.

मग मेंढीला किनाऱ्याचं दार बंदच ठेवायचं का? नाही, सहा महिने उघडं ठेवायचं. बागायतदार म्हणतील, काजूची रोपं खाऊन टाकतील. कोवळ्या कलमांना धोका आहे, तिथे कुंपण हवंच. पण धरत्या आंब्याखालचं गवत मेंढीने खाल्लं तर बागेचा फायदाच आहे, कारण सड्यावरचं वाळलं गवत पेटून वणवा बागेत शिरण्याचं नुकसान इथे नवं नाही. त्यासाठी कळप मार्गशीर्षात यायला हवा, गवत खडखडीत होण्याआधी. घाटाच्या पायथ्याशी आंत्रविषाराची आणि पीपीआरची लस, तळाजवळ पाणी, नुकसानभरपाईचा दर ग्रामपंचायतीने आधी ठरवलेला, आणि खत बसवण्याचा मोबदला लेखी. एका शेडच्या खर्चात यातलं बरंच भागेल. रत्नागिरी-रायगडच्या भातशेतकऱ्याला वाड्याला बोलावण्याची सवय आहे. सिंधुदुर्गच्या बागायतदाराला ती लावायची तर पहिली दोन-तीन वर्षं कुंपणाचा आणि भरपाईचा भार त्याच्यावर टाकून चालणार नाही.