पवनचक्कीचा प्रस्ताव गावात येतो तेव्हा



माळावर एक जीप येते, वाऱ्याचा वेग मोजणारा उंच खांब उभा राहतो आणि पारावर बोलणे निघते, "आता पाऊस पळणार!" ही समजूत जुनी आहे. साताऱ्यात पाटण तालुक्यातील वनकुसवडे पठारावर आणि पुढे सांगली, धुळे भागांत पवनचक्क्या उभ्या राहिल्या. 2003 च्या सुमारास दुष्काळ पडला, तेव्हा पाती ढगांना हाकलतात असे गावोगाव बोलले गेले आणि विरोधही झाला.

जरा हिशेब करून पाहा. आजच्या मोठ्या पवनचक्कीचे पाते साधारण दोनशे मीटर उंचीपर्यंत जाते. पावसाचे ढग कित्येक किलोमीटर उंच असतात. समुद्रावरून आलेला वारा सह्याद्री चढताना थंड होतो व बराचसा पाऊस तिथेच टाकतो. म्हणून पलीकडचे माण, खटाव, आटपाडी, जत हे तालुके पर्जन्यछायेत पडतात. 1972 च्या दुष्काळात या माळांवर वीज करणारी एकही पवनचक्की नव्हती.

पण एवढ्यावरून गावकऱ्यांना अडाणी ठरवून मोकळे होणाऱ्यांशी माझे जमत नाही. ढगांची तक्रार खोटी असली तरी मनातली खदखद खरी असते. कागदावर जो माळ 'पडीक' असतो, तो मेंढपाळाचा चारा असतो. मनोरा एकाच्या रानात उभा राहतो, भाडे त्यालाच मिळते. रस्ता, तारा आणि रात्रीची घरघर मात्र शेजाऱ्यांच्या वाट्याला येते. वीज तर डोळ्यांदेखत दूर निघून जाते.

पश्चिम घाटाचा अभ्यास करणाऱ्या डॉ. माधव गाडगीळ समितीने 2011 च्या अहवालात भीमाशंकरलगतच्या पवनचक्की प्रकल्पाची कथा नोंदवली आहे. डोंगर कापून रुंद रस्ते केले, दरडी कोसळल्या आणि दगडमाती खालच्या सुपीक शेतांत व जलाशयांत उतरली. बांधबंदिस्तीला आयुष्य घालवलेल्या माणसाला हे वाचून काय वाटेल, ते तुम्हांला सांगायला नको! धुळ्याच्या साक्री तालुक्यात वनजमीन पवनचक्क्यांना दिल्याबद्दल तिथे पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या आदिवासींनी लढा दिला. अशा जमिनीवरील हक्काला 2006 च्या वनहक्क कायद्याचा आधार आहे.

डेन्मार्कने 2009 साली कायदाच केला होता. नव्या पवनचक्कीचे निदान 20 टक्के भाग परिसरातील रहिवाशांना विकत घेण्यासाठी देऊ करायचे आणि साडेचार किलोमीटरच्या आतल्यांना त्यात अग्रक्रम. 2020 मध्ये ती तरतूद रद्द झाली. पण वाऱ्यात शेजाऱ्याचाही वाटा असावा, ही कल्पना मला फार पटते.

तुमच्या गावी प्रस्ताव आला तर ग्रामसभेत आराखडा मागा. डोंगरातले पाणी कुठून उतरते ते दाखवा आणि रस्त्याला मोऱ्या व संरक्षक भिंती लिहून घ्या. जमीन विकण्याची घाई करू नका. भाडेपट्ट्याची मुदत, दरवर्षीची वाढ आणि तारांखालच्या शेताची भरपाई करारात आली पाहिजे. मुदत संपल्यावर जमिनीतला काँक्रीटचा पाया कोण काढणार, हे तर अवश्य विचारा. को‍ऱ्या कागदावर सही नको. दस्त नोंदवून घ्या, नक्कल घरी ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी सातबारा काढून इतर हक्कांच्या रकान्यात काय चढले आहे ते वाचून पाहा.