लांब हाताचे शिवणयंत्र

जुनी लुगडी व धोतरे एकावर एक अंथरून, कडेपासून मध्याकडे धावदोरा घालीत गोधडी शिवण्याची रीत महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाची आहे. अमेरिकेतही अशीच एक वस्तू पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. तिला क्विल्ट म्हणतात. वर रंगीबेरंगी तुकडे जोडून केलेले कापड, मध्ये कापसाचा किंवा लोकरीचा मऊ थर व खाली अस्तर, अशी तिची तीन अंगे असतात. हे थर एकमेकांस धरून राहावेत म्हणून आरपार टाके घालावे लागतात. नाही तर आतला कापूस धुण्यात एका बाजूस गोळा होतो. आता टाके घालावयाचेच, तर ते शोभिवंत का नसावेत? म्हणून वेली, पाने, पिसे अशा आकृतींवरून सुई नेण्याची प्रथा पडली. पूर्वी शेजारपाजारच्या स्त्रिया एका चौकटीभोवती बसून हे काम हाताने करीत.

साध्या शिवणयंत्रावर हे काम अवघड जाते. तेथे सुई जागच्या जागी राहते व कापड सरकवावे लागते. आणि अंथरुणाएवढी जाड क्विल्ट यंत्राच्या आखूड हाताखाली कोंबणे म्हणजे झटापटच होय. या अडचणीवर जी युक्ती निघाली, तिने क्रमच उलटा केला. क्विल्ट एका लांब चौकटीवरील दांड्यांना गुंडाळून ताणून ठेवावयाची आणि चाकांवर बसविलेले यंत्रच तिच्यावरून फिरवावयाचे. या यंत्राचा हात सुमारे 45 ते 75 सेंटीमीटर लांब असतो. म्हणून त्यास ‘लाँगआर्म’ असे नाव मिळाले.

या यंत्रास संगणक जोडला म्हणजे दोन मोटारी कामास लागतात. एक यंत्रास डावीउजवीकडे नेते, दुसरी पुढेमागे. दोन्ही एकदम चालल्या, की सुई हवी तशी वळते. संगणकातील नमुना म्हणजे नुसते चित्र नव्हे. ती एक वाट असते. कागदावरून पेन्सिल न उचलता काढलेल्या रेषेसारखी ही वाट सलग असावी लागते, कारण ती तुटली की दोराही तोडावा लागतो. एका फुलाची रेषा जेथे संपते, तेथेच दुसऱ्याची सुरू होते. नमुना दुप्पट मोठा केला, तरी टाका मोठा होत नाही. यंत्र किती अंतर चालले हे मोजून सुई खाली येते, म्हणून एका इंचात ठरविलेले दहाबारा टाके तेवढेच राहतात. एकूण टाके मात्र वाढतात.

मग माणसाचे काम काय उरले? हा वाद संगणकाहून जुना आहे. 1989 साली केंटकी राज्यातील पदूका येथील प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॉलर्ट यांच्या सूर्यग्रहणावरील क्विल्टला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तेथे यंत्राने टाके घातलेल्या क्विल्टला हा मान प्रथमच मिळत होता, आणि पुष्कळांना ते रुचले नाही. वास्तविक त्या क्विल्टखाली यंत्र असले, तरी कापड फिरविणारे हात त्यांचेच होते. आता हातही लावावा लागत नाही, म्हणून काही प्रदर्शनांत संगणकाच्या कामाचा वर्ग निराळा ठेवतात.

परंतु क्विल्टपाशी उभे राहिल्यावर प्रश्नाचे उत्तर निराळे दिसते. पडद्यावरचा चौकोन काटकोनी असतो, कापडाचा नसतो. अनेक तुकडे जुळतात तेथे शिवण जाड होते, आणि टाके पडू लागले की कापड आखडते. एक ओळ संपवून क्विल्ट पुढे गुंडाळली, की शिवणारी सुई आधीच्या ओळीतील ओळखीच्या जागांवर नेऊन उभी करते आणि पुढची ओळ त्यांच्याशी जुळवून घेते. चौकोनात फूल बसवावयाचे असेल, तर चारही कोपरे तीच यंत्रास दाखविते. एवढ्याने भागत नाही. खालच्या बॉबिनमधील दोरा संपला, तरी पुष्कळ यंत्रांना ते उमगत नाही; सुई रिकामी भोके पाडीत वेलीच्या टोकापर्यंत जाते. तेव्हा यंत्र थांबवून दोरा जेथे संपला ती जागा शोधावी लागते आणि सुई तेथवर मागे आणावी लागते. आणि ओळच वाकडी गेली असेल, तर ती उसविण्यास संगणकाचा उपयोग नाही. तेथे एकेक टाका हातानेच कापावा लागतो.