गवताचा पूल

मुलांनो, गवताच्या काडीत किती जोर असतो? दोन हातांत धरून ओढून बघा. पटकन तुटते. याच गवताचा एक पूल आहे, असे सांगितले तर तुम्ही हसाल. पण तो आहे! खेळण्यातला नव्हे, खराखुरा. खाली खोल दरी, दरीत जोरात धावणारी नदी, आणि वरून माणसे पाठीवर ओझे घेऊन जातात. दोन्ही काठांवर दगडी ओटे आहेत, पायाखाली काटक्यांची चटई आहे, बाकी सगळा पूल गवताच्या दोरांवर लोंबतो. लोखंडाची एक सळई नाही की सिमेंटचे एक घमेले नाही.

हा पूल दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात आहे. वर्गातला पृथ्वीचा गोल घ्या आणि आपल्या देशावर बोट ठेवून गोल फिरवत फिरवत पार पलीकडच्या बाजूला न्या. तिथे अँडीज नावाची डोंगरांची लांबच लांब रांग दिसेल. त्या डोंगरांत कुस्को नावाचे जुने शहर आहे, आणि त्याच कुस्को प्रांतात आपुरिमाक नदीवर हा पूल आहे. आपुरिमाकचे पाणी पुढे जाऊन ॲमेझॉन नदीला मिळते. जागा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,७०० मीटर उंचीवर आहे. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईवर आणखी एक कळसूबाई ठेवली तरी उंची पुरणार नाही. इतक्या उंचावर मोठी झाडे फारशी येत नाहीत. येते ते गवत, राठ आणि चिवट. मग तिथल्या लोकांनी पूल कशाचा बांधावा?

पुलाचे नाव केस्वाचाका. तिथल्या केचुआ भाषेत ‘केस्वा’ म्हणजे वळलेला दोर आणि ‘चाका’ म्हणजे पूल. चाका ऐकल्यावर आपल्याला बैलगाडीचे चाक आठवते, हो ना? गंमत अशी की, ज्या इंका लोकांनी असे पूल बांधले ते गाडीला चाक लावत नव्हते. डोंगरात उभ्या चढणीच्या वाटा, तिथे गाडी काय कामाची? सगळे ओझे माणसांच्या आणि लामा नावाच्या जनावरांच्या पाठीवरून जाई.

इंकांचे राज्य फार मोठे होते. त्यांनी बांधलेल्या रस्त्यांचे जाळे सुमारे ३०,००० किलोमीटरचे होते आणि आजच्या सहा देशांत पसरलेले होते. रस्त्यात दरी आली की दोरांचा पूल. राजाचे निरोपे धावत जायचे, एकाने दुसऱ्याला निरोप द्यायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला. पूल तुटला तर निरोप अडला. म्हणून ज्या गावांजवळ पूल असेल त्या गावांनी तो नीट राखायचा, असा राज्याचा दंडक होता. या सरकारी कामाला ‘मिता’ म्हणत. खुशी असो वा नसो, पाळी आली की जायचे.

सन १५३२ मध्ये स्पेनचे सैनिक तिथे आले आणि काही वर्षांतच इंकांचे राज्य मोडले. राजा गेला, त्याचे कारभारी गेले, दंडक गेला. पुढे दगडी आणि लोखंडी पूल आले, आणि गवताचे पूल एकेक करून नाहीसे झाले. केस्वाचाका मात्र राहिला. कारण विंचिरी, चौपीबांदा, चोक्काय्वा आणि कोयाना केवे या चार गावच्या लोकांनी तो दरवर्षी नव्याने बांधायचे सोडले नाही.

दरवर्षी का, असे तुम्ही विचाराल. उत्तर सोपे आहे. गवत ते गवत. ऊन लागते, पाऊस लागतो, दोर कुजत जातात. तिथला पावसाळा डिसेंबर ते मार्च असा असतो. पृथ्वीच्या दक्षिण अर्ध्या भागात ऋतू आपल्या उलट. आपल्याकडे जूनमध्ये मृगाचा पाऊस आणि पेरणीची घाई, तेव्हा त्यांच्याकडे कोरडा, कडक हिवाळा. शेतातली कामेही उरकलेली असतात. म्हणून पूल बांधायचा तो जूनमध्ये.

तयारी आधीपासून घरोघर चालते. डोंगरावरून ‘कोया’ जातीचे गवत कापून आणायचे, वाळवायचे, दगडाने ठेचून मऊ करायचे, पाण्यात भिजवायचे. मग तळहातांवर वळत वळत बारीक दोरी करायची. वळताना मध्येमध्ये नव्या काड्या घालत जायचे, म्हणजे दोरी लांबत जाते. प्रत्येक घराने अशी सुमारे ७० मीटर दोरी द्यायची. ७० मीटर म्हणजे किती? कबड्डीची पाच मैदाने लांबीला लांब लावली तरी त्यापेक्षा थोडी जास्तच! हे वळायचे काम बायका फार सफाईने करतात, आणि पोरेही त्यांच्याजवळ बसून शिकतात. त्याची शाळा नाही, पुस्तक नाही. आई करते ते बघायचे आणि करायचे.

आता इथे जरा थांबू. एक काडी तुटते, मग दोरी का तुटत नाही? काडी तर हातभर लांब, मग ७० मीटरची दोरी मध्येच सुटून का येत नाही?

पिळामुळे. काड्या एकत्र पिळल्या की त्या एकमेकींना घट्ट चिकटून बसतात. दोरी ओढली की पीळ आणखी आवळतो, काड्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि घसरू शकत नाहीत. जितके जास्त ओढाल तितकी पकड जास्त. पण नुसता एक पेड पिळला आणि हात सोडला, तर तो गरागरा उलगडतो. म्हणून दोन पेड घ्यायचे. दोन्ही पेड उजवीकडे पिळायचे, आणि मग ते एकमेकांभोवती डावीकडे गुंडाळायचे. आता प्रत्येक पेड उलगडायला बघतो, पण त्याच्या उलगडण्यानेच दोरी जास्त आवळली जाते. हा उलटा पीळ आपल्याकडच्या सुंभातही असतो आणि चऱ्हाटातही. भाताचा पेंढा किंवा घायपाताचा वाख मिळाला तर करून बघा. पहिली दोरी वाकडीतिकडी होईल. होऊ दे.

ठरलेल्या दिवशी सगळी घरे आपापल्या दोऱ्या घेऊन नदीवर जमतात. आधी पूजा होते. धरणीमातेला ते लोक ‘पाचामामा’ म्हणतात. तिला मका, कोकाची पाने वगैरे अर्पण करतात आणि काम सुखरूप होऊ दे म्हणून विनवतात. आपल्याकडे विहीर खणताना नारळ फोडतात, त्यातलाच प्रकार.

मग रस्त्यावर दोऱ्या लांब पसरतात. पुष्कळ बारीक दोऱ्या एकत्र पिळून एक जाड दोर करतात, आणि असे तीन जाड दोर एकत्र वळून एक मुख्य दोर होतो. त्याची जाडी बघितली तर आपल्या मोटेचा नाडा त्यापुढे सुतळी वाटावा. (मोट तुम्ही पाहिली नसेल. आजोबांना विचारा.) दोर वळताना दोन्हीकडून माणसे रस्सीखेच करतात तसे ओढतात, म्हणजे ढिलेपणा राहत नाही. असे मुख्य दोर सहा लागतात. चार पायाखाली, दोन हाताला धरायला.

दुसरे दिवशी हे दोर दरीपलीकडे न्यायचे असतात, आणि खरी कसोटी तिथेच असते. दोर इतके जड की खांद्यावर घेऊन बरीच माणसे रांगेने चालतात, मोठा अजगर नेल्यासारखी. जुना पूल अजून लोंबत असतो, त्याच्या आधाराने नवे दोर पलीकडे ओढतात. दोन्ही काठांवर पूल बांधण्यातली एकेक जाणती असामी उभी असते. त्यांना ‘चाकारुवाक’ म्हणतात. ते ओरडून सांगतील तेव्हा ओढायचे आणि सांगतील तेव्हा थांबायचे. दोर दगडी ओट्यांत बसवलेल्या जाड लाकडांना गुंडाळून पक्के करतात. जुना पूल कापून खाली नदीत सोडून देतात. गवतच ते, पाण्यात कुजून जाते. कचरा नाही, काही नाही.

दोर अगदी ताठ ओढत नाहीत. मध्ये झोळ ठेवतात. हे अडाणीपणाचे वाटेल, पण तसे नाही. कपडे वाळत घालायची दोरी अगदी ताठ बांधा आणि तिच्यावर ओली गोधडी टाका. दोरीवर एवढा ताण येईल की ती तुटेल नाहीतर खुंटी उपटेल. थोडी ढिली ठेवली तर तेच ओझे ती सहज पेलते.

तिसरे दिवशी दोघे जाणते दोन काठांहून निघतात. खाली नदी, अंगाखाली नुसते चार दोर. त्यांवर बसून ते हाताच्या दोराला खालच्या दोराशी बारीक दोऱ्यांनी जाळीसारखे विणत विणत मध्याकडे सरकतात. पुलाची लांबी सुमारे २८ मीटर, रुंदी जेमतेम एक माणूस चालेल एवढी. दोघे मध्यावर भेटले आणि काटक्यांची चटई अंथरली की पूल झाला. त्यानंतर जेवण, वाद्ये, नाच. चारही गावे जत्रेसारखी एकत्र येतात.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. पूल बांधताना बायकांनी दोरांजवळ यायचे नाही, वरच थांबायचे, अशी तिथली जुनी समजूत आहे. ज्यांनी वळलेल्या दोरीवर पूल उभा राहतो त्यांनाच लांब ठेवायचे, हे काही मला पटत नाही. रीत चांगली असली म्हणून तिच्यातले सगळेच चांगले असते असे नाही.

आता कुणी हुशार मुलगा विचारील, “गुरुजी, एक पक्का लोखंडी पूल बांधला की झाले! दरवर्षी एवढी खटपट कशाला?” बरोबर आहे. पण मुला, तसा पूल तिथे आहे. जवळच आहे. त्यावरून मोटारीही जातात. गवताचा पूल नसला तर कुणाचे अडत नाही. तरी तो बांधतात. सन २०१३ मध्ये युनेस्को या संस्थेने या रीतीची नोंद मानवजातीचा वारसा म्हणून केली. तेव्हा असे सांगितले गेले की या चार गावांना हा पूल नुसता येण्याजाण्याचा रस्ता वाटत नाही, एकमेकांशी असलेली नाती घट्ट करण्याचे साधन वाटते. काम तीन दिवसांचे, पण त्याच्या निमित्ताने वर्षभर गावांचे एकमेकांकडे जाणे-येणे राहते.

आणि एकदा तो खरोखरच गेला होता. सन २०२० मध्ये करोनाची साथ आली. माणसांनी एकत्र जमायचे नाही असा नियम झाला. जून आला आणि गेला, पूल बांधला गेला नाही. जुन्याच दोरांनी आणखी एक पावसाळा काढला. मार्च २०२१ मध्ये दोर तुटले आणि केस्वाचाका नदीत कोसळला. एवढ्या शतकांची रीत, आणि फक्त एक वर्ष चुकल्यावर ही गत! पण त्याच वर्षी जूनमध्ये चारही गावे पुन्हा नदीवर जमली आणि त्यांनी नवा पूल टांगला. हाताला सवय होती, कुणी किती दोरी आणायची ते ठाऊक होते, आणि जाणती माणसे हयात होती. दहा-वीस वर्षांचा खंड पडला असता तर काय झाले असते, याचा विचार तुम्हीच करा.

शेतीच्या कामातही तिकडे अशीच रीत आहे. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. पैशाची देवघेव नाही. याला ते ‘आयनी’ म्हणतात. नाव परके आहे, पण गोष्ट आपली ओळखीची आहे. आपण त्याला सावड म्हणतो. जपानमध्ये शिराकावा-गो नावाचे खेडे आहे, तिथे ‘युई’ म्हणतात. तिथल्या घरांची छपरे जाड गवताची आणि बर्फ घसरून जावा म्हणून फार उतरती. छप्पर शाकारायचा दिवस आला की शंभर-दोनशे माणसे एकाच घरावर चढतात आणि दिवस मावळायच्या आत एक बाजू शाकारून होते. नॉर्वेत अशा कामाला ‘दुग्नाद’ म्हणतात. आफ्रिकेतल्या रवांडा देशात महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी मोठ्या माणसांनी रस्ते, गटारे, झाडे अशी कामे करायची असतात. त्याला ‘उमुगांडा’ म्हणतात. पण तिथे तो कायदा आहे आणि न जाणाऱ्याला दंड होऊ शकतो. आता ही सावड की इंकांची मिता? वर्गात यावर भांडून बघा. मी निकाल देणार नाही.

आपल्याकडे सावडीसारखीच आणखी एक रीत होती, इर्जिक. एखाद्याची नांगरणी किंवा दुसरे मोठे काम मागे पडले की गावातले लोक आपापले बैल, औते घेऊन एकाच दिवशी त्याच्या रानात उतरायचे आणि संध्याकाळपर्यंत काम फत्ते करायचे. मजुरी नाही. शेतमालकाने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचे. ट्रॅक्टर आल्यावर पुष्कळ गावांत हे बंद पडले.

ज्यांच्या आजी-आजोबांना इर्जिक आठवत असेल त्यांनी त्यांना विचारावे : शेवटची कुणाच्या रानात झाली, किती औते होती, जेवायला काय होते. उत्तरे स्वच्छ अक्षरात एका पानावर लिहून शनिवारपर्यंत वर्गप्रमुखाकडे द्यावीत. पुढच्या भित्तिपत्रकात ती लावू. सोबत स्वतः वळलेली हातभर दोरी आणणाऱ्याची दोरीही इथेच खिळ्याला टांगू.